कलाशाळेच्या दारी

गेल्या वैशाखातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. रांझीतल्या आमच्या शेजारची एक मुलगी चित्रांची भलीमोठी गुंडाळी काखेत मारून माझ्याकडे आली. तिच्यामागून तिचे वडील आले. मुलीची बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि तिला चित्रकलेच्या महाविद्यालयात जायचे होते. अर्जासोबत निवडक चित्रे पाठवायची होती. गुंडाळी जमिनीवर उलगडत ती म्हणाली, "काका, यांतली दहा निवडून द्या ना."

वडील उभेच होते. सारी हयात त्यांनी कारखान्यात यंत्रावर काढलेली. ते म्हणाले, "भाऊसाहेब, माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे तुकडा बरोबर की चूक, हे माप लावले की कळते. केसभर जास्त भरला तर बाद. चित्राला माप कोणते लावतात? आणि ते माप कुणी ठरवले?"

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एका संध्याकाळीत देता आले असते. वडिलांचा प्रश्न मात्र इतिहासाचा होता. तो पुढे कित्येक दिवस माझ्या मनात घोळत राहिला. आजच्या भाषणात मी त्याचेच उत्तर शोधणार आहे. आपल्याकडच्या कलाशाळांनी दाराशी आलेल्या मुलाची पारख आजवर कशी केली आणि दूरच्या गावांतून आलेली मुले त्या दारातून आत कशी गेली, हे आपण पाहू.

रांझी हे जबलपूरच्या पूर्व अंगाचे उपनगर. १९०४ मध्ये जबलपुरास तोफगाड्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा. या कारखान्यांच्या आधाराने येथली वस्ती वाढली. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, त्यांत मराठी माणसेही आली. २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे कारखाने निरनिराळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले. पण भोंग्यावर घड्याळ लावणारी घरे आजही येथे आहेत. अशा घरात 'ड्रॉइंग' हा शब्द परका नसतो. मात्र त्याचा अर्थ निराळा असतो. कारखान्यातले ड्रॉइंग म्हणजे यंत्राच्या भागाचा मोजमापासह काढलेला नकाशा. त्यात रेघ चुकली की लोखंड चुकते.

गंमत अशी, की हिंदुस्थानातल्या पहिल्या कलाशाळा निघाल्या तेव्हा त्यांच्या मनात असलेले ड्रॉइंगही याच जातीचे होते. १८५१ मध्ये लंडनला जगातील कलाकौशल्याच्या वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात हिंदी कारागिरांच्या हातचे विणकाम, नक्षीकाम आणि धातुकाम पाहून युरोपीय लोक चकित झाले. ही कारागिरी टिकावी, तिला शास्त्रशुद्ध रेखनाची जोड मिळावी आणि तिचा व्यापारालाही उपयोग व्हावा, असा विचार बळावला. मद्रासची शाळा त्यापूर्वीच, १८५० मध्ये निघाली होती. कलकत्त्याची १८५४ मध्ये निघाली. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि मार्च १८५७ मध्ये त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. आरंभी तिला स्वतःची इमारतही नव्हती; चित्रकलेचा वर्ग एल्फिन्स्टन संस्थेच्या आश्रयाने भरे. आज आपण पाहतो ती इमारत १८७८ ची.

या शाळांचा अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या वळणाचा होता. प्रथम मुक्तहस्त रेखन, मग भूमिती, मग घनवस्तूंचे चित्रण, त्यानंतर ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाशाचा अभ्यास, अशी एकेक पायरी चढत जावे लागे. विद्यार्थ्याच्या कल्पनेला या पायऱ्यांवर फारसा वाव नव्हता. रेघ स्वच्छ आहे काय, प्रमाण अचूक आहे काय, हात स्थिर आहे काय, एवढेच पाहिले जाई. त्या काळच्या दाराशी उभे राहून आमच्या शेजाऱ्यांनी आपला प्रश्न विचारला असता, तर त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर मिळाले असते. माप होते आणि ते लावता येत होते.

परंतु त्या मापातून कोणत्या प्रतीची माणसे बाहेर पडली, हेही पाहिले पाहिजे. कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० च्या आरंभी या शाळेत दाखल झाले. तेव्हा शाळेची सूत्रे जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाती होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे प्रचंड काम ज्यांनी वर्षानुवर्षे चालवले, तेच हे ग्रिफिथ्स. धुरंधरांनी ती शिस्त मनापासून पत्करली. पण १८९५ मध्ये बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले, ते लक्ष्मीच्या आगमनाच्या घरगुती प्रसंगावरील चित्राबद्दल. रेखनाची शिस्त साउथ केन्सिंग्टनची होती. चित्रातल्या बाया मात्र मराठी घरातल्या होत्या. त्यांचे नेसणे, त्यांचे उभे राहणे, त्यांच्या अंगावरचे दागिने त्यांनी लहानपणापासून पाहिलेले होते. धुरंधर पुढे त्याच शाळेत शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. या काळाची हकीकत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. कलाशाळेच्या दारात पाऊल ठेवणाऱ्या मराठी मुलाने ते पुस्तक एकदा तरी हाती घ्यावे.

येथे आमच्या प्रश्नाचा पहिला धागा सापडतो. शाळेचे माप हाताला लावलेले होते. त्या मापात जे मावत नव्हते, ते विद्यार्थी आपल्या गावाहून सोबत घेऊन येत होता.

आता मुंबईहून आपण माळव्यात जाऊ. होळकरांच्या इंदुरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रकलेची शाळा सुरू केली. देवळालीकर स्वतः जे. जे. मध्ये शिकलेले, तेथल्या परीक्षांची त्यांना चांगली माहिती होती. त्यांचे विद्यार्थी मुंबईच्या पदविका परीक्षेला बसत. म्हणजे मुंबईने ठरवलेले माप त्यांनाही चुकत नव्हते. परंतु परीक्षेची तयारी म्हणजेच शिक्षण, असे या गुरूने मानले नाही. ते मुलांना वर्गाबाहेर काढीत. इंदूरच्या गल्ल्या, घाट, बाजार, झाडांखालच्या सावल्या, दुपारच्या उन्हात पांढऱ्या भिंतीवर दिसणारे निळे-जांभळे रंग, हा त्यांचा खरा वर्ग. सावली काळी नसते, हे पुस्तकात वाचून कळत नाही. उन्हात बसून पाहिले म्हणजे कळते.

या शाळेतून कोण कोण बाहेर पडले, हे पाहिले की आश्चर्य वाटते. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर ही त्यांतली ठळक नावे. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन यांनीही येथे काही काळ धडे घेतले. बेंद्रे १९१० मध्ये इंदुरातच जन्मले. इंदुरात शिकून त्यांनी मुंबईची पदविका मिळवली आणि पुढे हिंदुस्थानभर फिरून निसर्गचित्रे केली. १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकलांची शाखा निघाली, तेव्हा ते तेथे चित्रकला शिकवू लागले. १९५९ मध्ये ते तिचे अधिष्ठाता झाले. कधीकाळी इंदूरहून आपली चित्रे मुंबईच्या परीक्षकांपुढे ठेवणारा मुलगा आता स्वतः इतरांची चित्रे पाहण्यासाठी टेबलाच्या पलीकडे बसला होता. बडोद्याच्या त्या शाखेने अनुकरणापेक्षा विद्यार्थ्याच्या स्वतंत्र दृष्टीला महत्त्व दिले. देशातल्या कलाशिक्षणाला तिने नवे वळण लावले, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. त्या वळणात इंदुरातल्या उन्हातल्या वर्गाचा काही वाटा असला पाहिजे, असे मला वाटते.

मुंबईच्या शाळेतही दरम्यान बदल झाला होता. १९१९ नंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत समोर बसलेल्या जिवंत माणसावरून चित्र काढण्याचा नियमित वर्ग सुरू झाला आणि विद्यार्थ्यांना भिंतीवर मोठी चित्रे रंगवण्याची संधी मिळाली. प्लास्टरचा पुतळा हालत नाही. माणूस हालतो, थकतो, खांदा पाडून बसतो. मापाची पट्टी तीच राहिली, पण ज्याला ती लावायची ती वस्तूच हालू लागली. नुसता हात स्थिर असून भागेना. नजरही चपळ हवी, असे ठरले.

आता आमच्या नर्मदेकाठची हकीकत. जबलपूरच्या वरच्या अंगाला, नर्मदेवरच, मंडला हा जिल्हा आहे. तेथल्या बाबरिया गावी १९२२ मध्ये सय्यद हैदर रझा यांचा जन्म झाला. वडील वनखात्यात नोकरीला. घर जंगलाच्या कडेला. ककैया गावच्या प्राथमिक शाळेत या मुलाचे चित्त ठरेना, तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे एकटक पाहत बसण्यास सांगितले. ही आठवण रझांनी आयुष्यभर सांगितली. पुढे दमोहला हायस्कूल झाले आणि १९३९ मध्ये ते नागपूरच्या कलाशाळेत दाखल झाले.

नागपूरच का, हा प्रश्न आजच्या मुलाला पडेल. त्या काळी जबलपूर, मंडला, दमोह आणि नागपूर हे सारे एकाच प्रांतात होते. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे त्या प्रांताचे नाव आणि नागपूर ही त्याची राजधानी. नर्मदेकाठच्या मुलाला नागपूर म्हणजे परमुलूख नव्हता. सरकारी कचेरीचे, विद्यापीठाचे आणि कलाशाळेचे ते त्याचेच शहर होते. त्याच नागपुरात तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे विज्ञानाची पदवी घेऊन चित्रकलेकडे वळले. गाडे आणि रझा हे दोघेही १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सभासद. सहा संस्थापकांपैकी दोघे नागपूरच्या वाटेने आले, हे मध्यप्रांताच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

नागपूरचे शिक्षण १९४३ मध्ये संपले. मुंबईस जे. जे. मध्ये शिकण्यासाठी रझांना प्रांतिक सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. येथवर सारे सरळ होते. परंतु ते मुंबईस पोहोचले तेव्हा प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. प्रवेश नाही म्हणून शिष्यवृत्तीही गेली. एकवीस वर्षांचा तरुण, शहर अनोळखी, खिशात फारसे काही नाही. चित्रे चांगली असून दार बंद झाले होते. केवळ तारीख चुकली होती.

ही घटना मी मुद्दाम सांगतो, कारण कलाशाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या घरी दोन प्रकारचे भ्रम आढळतात. एक असा, की गुण असला की सारे आपोआप होते. अर्ज, दाखले, मुदती या गोष्टी कारकुनांनी पाहाव्यात. दुसरा असा, की प्रवेश एकदा हुकला की सारे संपले. रझांची हकीकत या दोन्ही भ्रमांना उत्तर देते. मुदत हुकली त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. पण ते मुंबई सोडून परतले नाहीत. एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत त्यांनी संकल्पचित्रकाराची नोकरी धरली. दिवसा छापखान्यांच्या ठशांसाठी काम करायचे आणि उरलेल्या वेळात शहर रंगवायचे, असा क्रम सुरू झाला. गर्दीचे रस्ते, पावसात भिजलेली छपरे, खिडकीतून दिसणारी मुंबई हे त्यांच्या त्या वर्षांतल्या चित्रांचे विषय. जे. जे. मधले त्यांचे शिक्षणही पुढे झाले आणि ते १९४७ पर्यंत चालले.

रझांच्या आयुष्यात दुसरी परीक्षा १९४८ मध्ये काश्मिरात झाली. तिला अर्ज नव्हता आणि परीक्षक एकच होता. श्रीनगरला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली. चित्रकारात गुण आहे, पण चित्रांत बांधणी कमी आहे, असे त्यांनी सांगितले आणि सेझानचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. तरुण चित्रकाराला हे ऐकणे सोपे नसते. बहुतेक जण अशा वेळी परीक्षकाला दोष देऊन मोकळे होतात. रझा फ्रेंच शिकू लागले. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून १९५० च्या ऑक्टोबरात ते पॅरिसला निघाले आणि १९५३ पर्यंत तेथल्या राष्ट्रीय कलाशाळेत शिकले. १९५६ मध्ये फ्रान्समधला समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणारे ते पहिले विदेशी चित्रकार. आणि एवढ्या प्रवासानंतर, सत्तरीच्या दशकापासून, त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी जो बिंदू येऊन बसला तो ककैयाच्या भिंतीवरचा होता.

सर्वच मुले पश्चिमेकडे गेली असे मात्र नाही. जबलपूरच्या ब्योहार घराण्यातले राममनोहर सिंहा शांतिनिकेतनला गेले आणि कलाभवनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या त्या कलाभवनाची वृत्ती मुंबईच्या शाळेहून वेगळी. तेथे पुतळ्यांऐवजी झाडे, संथाळ वस्त्या, सण आणि ऋतू यांच्याकडे विद्यार्थ्याचे डोळे वळवले जात. भारताच्या संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलाल बसू आणि त्यांच्या शिष्यांकडे आली, तेव्हा उद्देशिकेच्या पानाची नक्षी राममनोहर सिंहांनी काढली. ते तेव्हा अवघ्या विशीत होते. त्या पानाच्या नक्षीत त्यांनी 'राम' एवढीच बारीक सही केली आहे. जबलपूरच्या शहीद स्मारकातली त्यांची भित्तिचित्रे पाहायला आजही कोणालाही जाता येते. रांझीहून तेथे जायला रिक्षाने फार वेळ लागत नाही. परंतु कलाशाळेत जाऊ इच्छिणाऱ्या आमच्याकडच्या किती मुलांनी ती पाहिली असतील, याबद्दल मला शंका आहे.

यानंतर राजकारणाने नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. जबलपूरच्या मराठी मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ असा झाला, की ज्या नागपुरात तो काल आपल्या प्रांताचा विद्यार्थी होता, तेथे तो आज परराज्यातला उमेदवार ठरला. भाषा तीच, आडनाव तेच, पण अधिवासाचा दाखला वेगळा. महाराष्ट्रातल्या शाळांमधून मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन ही त्यांची सवय वर्षानुवर्षे मुरलेली असते. आमच्याकडच्या शाळांत ही परंपरा नाही. त्यामुळे येथला मुलगा तिकडच्या प्रवेश परीक्षेस बसतो तेव्हा त्याला काही शब्दांचे अर्थसुद्धा नव्याने शिकावे लागतात.

उलट बाजूने नवी दारेही उघडली. १९५६ मध्येच खैरागढला संगीत आणि कला यांचे विद्यापीठ निघाले. ते आज छत्तीसगढात आहे. जबलपुरातही ललित कलांच्या शिक्षणाची सोय झाली. भोपाळला २०१९ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था आली. सर जे. जे. कलाशाळा, जिच्या दाराशी आपण आरंभी उभे होतो, तिला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या निरनिराळ्या दारांशी आज काय विचारतात? कोठे वस्तुचित्रण, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांची लेखी परीक्षेसारखी वेळ लावून परीक्षा घेतात. कोठे चित्रांचा संच, म्हणजेच ज्याला सर्वजण पोर्टफोलिओ म्हणतात तो, समोर ठेवून मुलाखत घेतात. कोठे दोन्ही. पुष्कळ ठिकाणी चित्रांची छायाचित्रे संगणकावरून पाठवावी लागतात. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून ते प्रत्येकाने त्या त्या वर्षी स्वतः वाचावेत. रझांची तारीख आठवावी. परंतु नियमांच्या पोटात जो प्रश्न आहे तो मला बराचसा स्थिर वाटतो. १८५७ मध्ये तो हाताबद्दल होता. इंदूरच्या उन्हात आणि सॉलोमनच्या वर्गात त्यात नजरेची भर पडली. बडोद्यानंतर त्यात विचाराची भर पडली. जुने माप टाकून दिले गेले नाही. त्यावर नवे चढत गेले. आजचा परीक्षक हात पाहतो, नजर पाहतो आणि या मुलाने या वस्तूकडे पाहिले तेव्हा त्याला काय वाटले, हेही पाहतो.

म्हणून छापील चित्रावरून केलेली नक्कल कितीही गुळगुळीत असली तरी ती अर्धेच उत्तर देते. हात दिसतो, नजर मूळ चित्रकाराची असते. याउलट एकाच वस्तूची चार-पाच रेखने, त्यांतली दोन फसलेली, एक खोडून पुन्हा केलेले, असे एखादे पान असेल तर परीक्षकाला विद्यार्थी काम करताना दिसतो. अशी पाने मुले लाजून घरी ठेवतात. ती नीट, तारीख घालून, स्वच्छ कागदावर चिकटवून सोबत न्यावीत. चित्रे थोडी असावीत, पण त्यांत माणूस असावा, वस्तू असावी, मोकळी जागा असावी, आठवणीतून काढलेले काही असावे. आणि प्रत्येक चित्राबद्दल दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. ती मराठीत, हिंदीत, कोणत्याही भाषेत असोत. पण स्वतःची असावीत.

'पोर्टफोलिओ' या शब्दाचा मूळ अर्थ पाने वाहून नेण्याचे साधन. तो अर्थ मला आवडतो. गावाहून निघालेला मुलगा सोबत काय वाहून नेतो, हा खरा प्रश्न आहे. धुरंधरांनी कोल्हापूरचे घर नेले, बेंद्र्यांनी इंदूरचे ऊन नेले, रझांनी एक ठिपका नेला. त्यांतले काहीही अर्जाच्या रकान्यात लिहिता आले नसते.

आता त्या संध्याकाळकडे परत जातो. गुंडाळीतली चित्रे मी एकेक पाहिली. देवादिकांची होती, सिनेनट्यांची होती, बर्फाच्छादित डोंगर आणि त्यापुढचे निळे तळे होते. मुलीने बर्फ कधी पाहिलेले नव्हते. हात चांगला होता. मी विचारले, "रोजची वही नाही का?" ती म्हणाली, "आहे, पण ती कच्ची आहे. दाखवण्यासारखी नाही." बऱ्याच आग्रहानंतर ती वही आली. एकरेघी वही, शाळेत उरलेली. तिच्यात गोकलपूरच्या तलावाचा काठ होता, बडा पत्थरच्या चढावर सायकल ढकलणारी माणसे होती, रात्रपाळीहून आल्यावर दुपारी झोपलेले वडील होते, एकदा डाव्या कुशीवर, एकदा उजव्या, सात-आठ पानांवर. पुढे एका पानावर त्यांचा मापे घेण्याचा कॅलिपर होता, निम्मा पुसलेला. त्याचे जबडे जमले नाहीत म्हणून तिने तो पुन्हा काढला होता, तिसऱ्यांदा काढला होता. तिसऱ्या वेळी तो जमला होता.

वडिलांनी ते पान हातात घेतले. बराच वेळ पाहिले. मग खिशातला चष्मा काढून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "हा वरचा स्क्रू इकडे नसतो. अर्धा इंच मागे असतो." मुलगी म्हणाली, "तुम्ही झोपलात की त्या बाजूने दिसत नाही, बाबा. तुमच्या हाताखाली जातो."

ते गप्प झाले. पान त्यांनी खाली ठेवले नाही. पुढे त्यांनीच बाजारातून जाड कार्ट्रिज कागद आणला आणि वहीतली पाने त्यावर चिकटवताना चारी बाजूंनी सारखी जागा सुटावी म्हणून फूटपट्टी लावून खुणा करून दिल्या. माप त्यांना येत होतेच. दहा चित्रे ठरली. त्यांत बर्फाचे डोंगर नव्हते. कॅलिपर होता, आणि त्याच्या शेजारी न जमलेले पहिले दोनही होते.

अर्ज मुदतीच्या सहा दिवस आधी गेला. निकाल काय लागला, हे मी येथे सांगणार नाही. कारण ते सांगितले की श्रोते निकालावरून चित्रांची किंमत करू लागतील. एवढेच सांगतो की ती वही संपली आहे आणि दुसरी सुरू झाली आहे. आमच्याकडून तीस-पस्तीस कोसांवर मंडला आहे. २३ जुलै २०१६ रोजी रझा दिल्लीत वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी, दफन करण्यात आले. पाऊस संपला की बापलेक तिकडे जाणार आहेत. वही सोबत नेणार आहेत.